निरोगी माणसाची बाटली

त्या बाई तुम्हाला किती ठाऊक होत्या, असं कुणी विचारलं असतं तर भाऊसाहेबांनी आधी चष्मा पुसला असता आणि मग खरं तेच सांगितलं असतं: फारशा नाही. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं दोघं शेजारी बसले. मधे एक काच. काचेच्या अलीकडे भाऊसाहेबांची खिडकी, नोंदवही, शिक्के आणि रिपोर्ट घ्यायला आलेल्यांची रांग. पलीकडे बाईंचं टेबल, निळी ज्योत आणि रक्ताच्या बाटल्या. बाईंचं वय किती, त्यांनी लग्न का केलं नाही, सुट्टीच्या दिवशी त्या काय करायच्या, यातलं भाऊसाहेबांना काडीमात्र माहीत नव्हतं. उलट बाईंना भाऊसाहेबांच्या दोन्ही हातांच्या शिरा पाठ होत्या. डावी सरळ, उजवी लाजरी, सुई टेकली की बाजूला सरकणारी.

मागच्या महिन्यात बाई गेल्या. सकाळी उठल्याच नाहीत. हृदय बंद पडलं म्हणे. प्रयोगशाळेतल्या शिपायाने फोन करून कळवलं. चारपाच दिवस घालमेलीत काढून भाऊसाहेब त्यांच्या घरी गेले. धाकट्या बहिणीने दार उघडलं.

"तुम्ही कामाला होतात ना तिच्याबरोबर?" ती म्हणाली. "कशी होती हो ताई तिकडे? घरात कामाचा शब्द काढायची नाही."

भाऊसाहेबांना वाटलं होतं, घरी तरी त्या बोलत असतील. "शांत होत्या," ते म्हणाले.

"इथेही शांतच."

भाऊसाहेब खरं तर एकच गोष्ट विचारायला आले होते: बाई चहात साखर घ्यायच्या का? पण चारपाच दिवसांपूर्वी माणूस गेलेल्या घरात हे कोण विचारतं? बहिणीने पाणी दिलं आणि विचारलं, "चहा ठेवू?" भाऊसाहेबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "नको, नको." हो म्हटलं असतं तर निदान विषय निघाला असता. जिना उतरताना त्यांनी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

हा एवढासा प्रश्न त्यांना वेताळासारखा का चिकटला होता, ते सांगायचं तर बाटल्यांपासून सुरुवात करायला हवी.

ताप हटत नसला की डॉक्टर रोग्याचं रक्त कल्चरला पाठवतात. दोन हातांतून रक्त घ्यायचं, तपकिरी पोषकद्रवाच्या दोन बाटल्यांत सोडायचं आणि बाटल्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे अंगाएवढ्या उबेच्या कपाटात, आठवडाभर ठेवायच्या. रक्तात जंतू असले तर ते तिथे खाऊनपिऊन वाढतात आणि द्रव गढूळ होतो. नसले तर तो पहिल्या दिवशी होता तसाच शेवटच्या दिवशी. बाई रोज सकाळी एकेक बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरायच्या, हलकेच फिरवायच्या आणि परत ठेवायच्या. तान्ह्या मुलाला उजेड दाखवावा तशी.

दोन्ही बाटल्या गढूळ झाल्या तर जंतू खरे. ताबडतोब वॉर्डात फोन. पण एकच झाली, तीही उशिरा, तीही जेमतेम, तर ते जंतू रक्तातले धरायचे नाहीत, असा नियम होता. ते सुई टोचताना कातडीवरून आले असणार, नाहीतर काम करणाऱ्याच्या हातातून. अशा वेळी भाऊसाहेब शिक्का उचलायचे: 'नमुना दूषित. गरज वाटल्यास पुन्हा पाठवावा.' गरज कुणाला वाटायची नाही. तोवर ताप उतरलेला असायचा, रोगी घरी गेलेला असायचा. भाऊसाहेबांचा शिक्का मात्र झिजून झिजून दोनदा नवा करावा लागला.

एकदा एक ट्रकचालक खिडकीशी आला. सुटलेलं पोट, साखरेचं जुनं दुखणं, तोंडभर हसू. रिपोर्ट उलटासुलटा करून बघितला.

"भाऊ, दूषित म्हणजे काय? माझं रक्त खराब का तुमची बाटली खराब?"

रांगेत हशा पिकला.

"बाटली," भाऊसाहेब म्हणाले.

"नक्की? लिहून देता?"

"शिक्का मारलाय की."

"मग ठीक. नाहीतर बायको म्हणेल, तुमच्यात खराब व्हायचं शिल्लक काय होतं!" असं म्हणत, रिपोर्टची चार घड्यांची चिठ्ठी करून तो गेला.

काचेपलीकडे बाईंचा हात मधेच थांबलेला भाऊसाहेबांना दिसला. त्यांनी तेव्हा त्याचं काही मनावर घेतलं नाही. पाच महिन्यांनी तोच चालक स्ट्रेचरवरून आला. गाडी चालवताना छातीत कळ आली, कशीबशी गाडी कडेला घेतली आणि मान टाकली. शिपायाने बातमी आणली तेव्हा बाईंनी काचेवर टकटक केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"त्यांची बाटली कोणत्या तारखेची होती, भाऊसाहेब?"

भाऊसाहेबांनी नोंदवही काढून तारीख सांगितली. बाईंनी ती एका कोऱ्या वहीत लिहिली. त्या वहीची ती पहिली ओळ.

पुढे कल्चरला आलेली प्रत्येक बाटली त्या वहीत जाऊ लागली; दूषित ठरली तर तिच्यापुढे खूण. रोग्याला साखर आहे का, रक्तदाब आहे का, वजन किती, हृदयाचं दुखणं आहे का, की साधाच तापाचा रोगी. बाई दुपारी डबा खाऊन झाला की वॉर्डातून फिरून हे विचारून यायच्या. परिचारिका हसायच्या. "आल्या, बाटल्यांचं बारसं करायला आल्या," म्हणायच्या.

वर्षभराने बाई वही घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. मोठे डॉक्टर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख; माणूस वाईट नव्हता, कामात चोख होता. त्यांनी पानं चाळली.

"बाई, बाटल्या गढूळ होतात, त्यात तुमचा हात सारखा. रोगी वेगळा, वॉर्ड वेगळा, हात एकच. मग संशय कुणावर घ्यायचा?" मग थोडं हसून म्हणाले, "काम करताना बोलता का तुम्ही? तोंडातले जंतू उडतात हो."

त्यांनी हे अर्धवट थट्टेत म्हटलं. बाईंनी ते पूर्ण खरं मानलं. त्या दिवसापासून टेबलाशी असताना बाईंच्या तोंडातून अवाक्षर निघालं नाही. सकाळी नऊ ते दुपारी दीड, तोंडाला फडकं आणि फडक्यामागे कुलूप. बाकीच्यांनी त्यांना 'मौनीबाई' नाव ठेवलं. फार शिष्ट आहे, असंही म्हणू लागले. बाई हात इतके धुवायच्या की बोटं सोललेल्या बटाट्यासारखी दिसायची. कधी स्वतःचीच बोटं जंतू वाढवायच्या प्लेटवर टेकवून ती प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी चोराच्या पावलांनी जाऊन बघायच्या.

मग एका दुपारी मागच्या जिन्यात त्यांनी भाऊसाहेबांना गाठलं.

"भाऊसाहेब, तुम्हाला काही दुखणं आहे का?"

"मला? सर्दी होते अधूनमधून."

"साखर? दाब?"

"छे हो. आमच्या घरात सगळे नव्वदीपर्यंत भांडतात."

बाई हसल्या. त्या हसल्या की खालचा एक दात तिरका दिसायचा, हेही भाऊसाहेबांना त्या दिवशी कळलं. मग त्या जिन्याच्या कठड्याला टेकून जे बोलल्या, तेवढं सलग त्या पुन्हा कधीच बोलल्या नाहीत.

"हिरड्या सुजलेल्या असल्या तर घास चावताना चार जंतू रक्तात जातात. आतड्यातूनही निसटतात. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्याच. शरीर त्यांना लगेच झाडून काढतं. पण ज्याला साखर आहे, ज्याच्या आतड्याची भिंत सैल पडलीये, ज्याच्या अंगातला झाडणारा थकलाय, त्याच्याकडे थोडे मागे राहत असतील तर? ताप यावा एवढे नाही, नुसतं धुमसत राहावं एवढे. रक्तवाहिन्यांना आतून वर्षानुवर्षं अशी धग लागत राहिली तर..."

"तर?"

"तर मला माहीत नाही. मोठे डॉक्टर म्हणतात, हात माझा. तेही खरं असेल. मला एवढंच कळायला हवंय, हात माझा की रक्त त्यांचं. कारण हात माझा असेल तर मी इतकी वर्षं लोकांच्या बाटल्या नासवल्या. आणि रक्त त्यांचं असेल तर..." त्या दोघांच्याही डोळ्यांसमोर तो हसरा चालक उभा होता.

त्यावर बाईंनी काढलेली युक्ती साधी होती. एक धडधाकट माणूस घ्यायचा. दर महिन्याला त्याच हाताने, तशाच सुईने, तशाच बाटलीत त्याचं रक्त घ्यायचं आणि त्याच कपाटात ठेवायचं. त्याच्या बाटल्या कायम स्वच्छ राहिल्या, तर हात निर्दोष. मोठ्या डॉक्टरांनी महिन्याला एका बाटलीची परवानगी दिली होती. फक्त माणूस हवा होता.

"तुमचं रक्त माझा साक्षीदार," बाई म्हणाल्या.

भाऊसाहेबांना आयुष्यात कुणी कशासाठी निवडलं नव्हतं. शाळेत खेळाच्या संघात नाही, कचेरीत बढतीच्या यादीत नाही. लग्नसुद्धा मोठ्या भावासाठी बघितलेल्या मुलीशी झालं होतं, भावाने नकार दिला म्हणून. आणि आता कुणीतरी जिन्यात थांबवून सांगत होतं, तुम्हीच हवे आहात. ते घरी शीळ घालत आले.

"एवढं काय मिळालं?" बायकोने विचारलं.

"रक्त द्यायचंय."

"कुणाला?"

"विज्ञानाला."

"विज्ञानाला मिठी मारायची नाही म्हणावं," ती म्हणाली आणि हातातली पिशवी त्यांच्याकडे देत पुढे म्हणाली, "आधी जाऊन कांदे आणा."

महिन्याचा शेवटचा शनिवार, दुपारी दीड. खिडकी बंद झाली की भाऊसाहेब काचेला वळसा घालून आत जायचे, स्टुलावर बसायचे, बाही वर करायचे. बाई दंडाला रबरी पट्टा बांधायच्या, कातडी एकदा, दोनदा, तीनदा पुसायच्या आणि सुई जाताना श्वास रोखून धरायच्या. आपला श्वास बाटलीवर पडू नये म्हणून. भाऊसाहेबही नकळत श्वास रोखायचे. खोलीत तेवढा वेळ फक्त इन्क्युबेटरची घरघर ऐकू यायची. टेबलापासून दोन पावलं मागे सरून बाई जे बोलायच्या ते एकच वाक्य: "बाही खाली घ्या, भाऊसाहेब." बस. ही त्यांची महिन्याची भेट. बाटलीवर त्या 'निरोगी' असं लिहायच्या आणि पुढे आकडा. निरोगी एक. निरोगी दोन. असं करत निरोगी साठ. सगळ्या बाटल्या शेवटच्या दिवसापर्यंत स्वच्छ.

साठाव्या बाटलीच्या सुमारास भाऊसाहेबांना फार तहान लागायला लागली. वजन उतरलं. इस्पितळात कामाला असूनही ते तपासणीला घराजवळच्या डॉक्टरकडे गेले. स्वतःच्या नावाचा रिपोर्ट स्वतःच्याच खिडकीतून कोण घेणार? साखर निघाली, तीही बऱ्यापैकी. डॉक्टर म्हणाला, ही आजची नाही, वर्षभर तरी मुरलेली आहे.

"आता त्या बाईंना सांगा," बायको म्हणाली.

"सांगेन."

"तुमचं 'सांगेन' मला ठाऊक आहे. आपल्या नळाला गळती लागलीये हे तुम्ही प्लंबरला पाच वर्षं सांगताय."

"अगं, औषधाने आटोक्यात येईल. मग सांगायचं काय त्यात?"

गोळ्यांची पट्टी ते चष्म्याच्या घरात ठेवायचे. शनिवार चुकवायचे नाहीत. त्यांना फसवायचं नव्हतं, हे त्यांचं त्यांनाच पक्कं ठाऊक होतं. फक्त 'निरोगी' हा शब्द बाईंनी दुसऱ्या कुणाच्या बाटलीवर लिहावा, ही कल्पना त्यांना सहन होत नव्हती. अशी आणखी दोन वर्षं गेली.

पंच्याऐंशीवी बाटली सहाव्या दिवशी गढूळ झाली. अगदी जराशी. बाईंनी ती उजेडात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. पुढच्या महिन्याची स्वच्छ निघाली. त्यानंतरच्या दोन पुन्हा गढूळ.

त्या शनिवारी भाऊसाहेब बाही वर करायला लागले तेव्हा बाईंनी फडकं खाली ओढलं. टेबलाशी बसून. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"भाऊसाहेब, नीट आठवून सांगा. तब्येतीत काही फरक? तहान? दम लागणं? दात? साखर बघितली होती का मधे कधी?"

शिपाई दाराशी बाटल्यांची पेटी उचलत होता. मोठे डॉक्टर पलीकडे फोनवर बोलत होते. भाऊसाहेबांचा हात खिशातल्या चष्म्याच्या घरावर गेला. आत पट्टी खुळखुळली. त्यांना ती तोफेसारखी ऐकू आली. आणखी कुणाला ऐकू गेली नाही.

"छे," ते म्हणाले. "ठणठणीत आहे मी."

"नक्की ना?"

"एकदम ठणठणीत."

बाईंनी मान हलवली. एखाद्याने निकाल ऐकून हलवावी तशी. त्या दिवशी त्यांनी रक्त घेतलं नाही. पट्टा गुंडाळून खणात ठेवला.

भाऊसाहेबांनी रविवारभर मनाशी वाक्य जुळवलं. सोमवारी सकाळी, खिडकी उघडायच्या आधी, सांगून टाकायचं. सोमवारी ते आत शिरले तेव्हा बाईंचं टेबल रिकामं होतं. त्यांनी सकाळीच मोठ्या डॉक्टरांना सांगितलं होतं, "हात माझाच आहे, साहेब. मला टेबलावरून काढा." मोठ्या डॉक्टरांनी समजूत घातली, चारदोन बाटल्यांवरून असं काही ठरत नसतं म्हणाले, पण बाई ऐकेनात. शेवटी त्यांना तळमजल्यावर धुण्याच्या खोलीत पाठवलं. तिथे वापरलेल्या काचा उकळायच्या, वाफवायच्या, कोरड्या करायच्या. तिथे हातामुळे कुणाची बाटली नासत नाही.

दुपारी बाई वर आल्या आणि खिडकीतून, बाहेरच्या बाजूने, इतर लोक उभे राहतात तिथून, वही आत सरकवली.

"जुन्या कागदांबरोबर ही पण काढून टाका, भाऊसाहेब."

तेव्हा सांगता आलं असतं. एक वाक्य. मागे रांग होती, कुणीतरी "चला, आटपा" म्हणालं, आणि बाई बाजूला झाल्या. दुसऱ्या दिवशी सांगणं दुप्पट अवघड होतं. महिन्याने अशक्य.

वही त्यांनी फेकली नाही. घरी नेऊन कपड्यांच्या कपाटात, हिवाळी कोटाखाली ठेवली. कधीतरी दुपारी घरात कुणी नसताना उघडायचे. ओळीच ओळी. साध्या तापाच्या रोग्यांपुढे क्वचित एखादी खूण; साखरेच्या आणि हृदयाच्या रोग्यांपुढे कितीतरी अधिक. शेवटच्या पानावर 'निरोगी' अशी उभी रांग, चौऱ्याऐंशी कोरी घरं आणि मग एक खूण, एक कोरं, दोन खुणा. त्याखाली बाईंच्या बारीक अक्षरात तीन शब्द: 'हात माझाच होता.'

भाऊसाहेब कारकून होते, शास्त्रज्ञ नव्हे. तरी त्या पानाकडे बघून त्यांच्या हळूहळू लक्षात आलं ते भयंकर होतं. तोच हात. तशीच सुई. तोच माणूस. धडधाकट होता तोवर स्वच्छ, आणि साखर अंगात मुरल्यावर गढूळ. बाई सात वर्षं जे शोधत होत्या, ते त्यांच्यासमोर स्टुलावर बाही वर करून बसलं होतं आणि ठणठणीत आहे म्हणत होतं.

बाई पाच वर्षं धुण्याच्या खोलीत राहिल्या आणि निवृत्त झाल्या. त्यानंतर एक तरुण डॉक्टरीण प्रयोगशाळेत आली. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती सगळ्यांना सांगत होती की आता ठिकठिकाणी हे तपासतायत: रक्त आपण समजतो तेवढं निर्मळ नसावं, साखरेच्या आणि हृदयाच्या रोग्यांच्या रक्तात जंतूंचे अंश जास्त सापडतात असं काहींना दिसलंय. भाऊसाहेबांचा घास हातातच राहिला.

"मग त्यानेच हृदय बिघडतं का?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी वळून बघितलं. भाऊसाहेब कधी प्रश्न विचारत नसत.

"कुणी सांगावं, काका. आधी रोग की आधी जंतू, हेच सुटलेलं नाही. आणि इतके थोडे जंतू म्हटल्यावर बाटलीतले, हातातले, हवेतले असायची शक्यता मोठी. फसायला होतं."

"समजा, एकाच माणसाचं रक्त... आधी चांगला असताना, आणि मग साखर झाल्यावर... एकाच हाताने घेतलेलं..."

"असं कुणाकडे असेल तर मला बघायला आवडेल," ती म्हणाली. "एका माणसावरून सिद्ध काही होत नाही. पण निदान हातावर खापर फोडता येणार नाही."

त्यानंतर भाऊसाहेबांची अवस्था विचित्र झाली. जिन्यावर कुणी कठड्याला धरून धापा टाकताना दिसलं की त्यांना वाटायचं, ह्याच्या रिपोर्टवर शिक्का मी मारला असेल. ट्रकचा हॉर्न ऐकला की, "लिहून देता?" असं कानाशी यायचं. शनिवारी दुपारी दीड वाजता कोपराच्या आतली जागा हुळहुळायची आणि आपण श्वास रोखून बसलोय, हे त्यांना उशिरा कळायचं. "अहो, बाही काय वर करून बसलाय?" बायको विचारायची. भाऊसाहेब बघायचे तर बाही खरंच कोपराच्या वर गेलेली असायची.

शेवटी बायकोनेच कोटाखालची वही काढून त्यांच्या हातात दिली. "जा," ती म्हणाली. "नळाचं राहू दे. हे तरी सांगून या."

बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बहीण कामाला गेलेली. बाई खूप बारीक झाल्या होत्या. दार उघडून दोन जिने चढून आल्यासारख्या दमल्या. हात मात्र बरे झाले होते. इतक्या वर्षांत भाऊसाहेबांनी त्यांचे हात असे साधे, माणसासारखे पहिल्यांदा बघितले.

"या, भाऊसाहेब. आज कुठे वाट वाकडी केलीत?"

"सहज."

ते खिडकीशी बसले. खिडकीत काचेच्या चार बाटल्या पालथ्या सुकत होत्या. भाऊसाहेबांनी वही मेजावर ठेवली. बाईंनी ती ओळखली, पण जवळ ओढली नाही. थोड्या वेळाने शेवटचं पान उघडलं. खुणांवरून बोट फिरवलं.

"रद्दीत घाला म्हटलं होतं."

"राहून गेलं."

"तुमचं सगळंच राहून जातं," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. मग त्यांनी वर बघितलं. "तब्येत कशी आहे, भाऊसाहेब?"

हाच तो क्षण. वाक्य जुळलेलं होतं, जिना चढताना तीनदा म्हणून बघितलं होतं. बाईंची नजर त्यांच्या तोंडावरून हलली नाही. वाट बघत असल्यासारखी. भाऊसाहेबांनी तोंड उघडलं आणि आतून वर्षानुवर्षं खिडकीत बसलेला माणूस बोलला:

"ठणठणीत."

बाईंनी मान हलवली. वही मिटली. "चहा करते," म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून भांड्याचा आवाज आला, डबा उघडल्याचा, थोड्या वेळाने दुसरा डबा उघडल्याचा, की तोच पुन्हा मिटल्याचा. भाऊसाहेब खिडकीतल्या बाटल्यांकडे बघत राहिले. उजेड आरपार येत होता.

चहा आला. भाऊसाहेबांनी पहिला घोट घेतला. साखर नव्हती. एक कणसुद्धा.

त्यांनी बाईंकडे बघितलं. बाई आपला कप दोन्ही हातांत धरून खिडकीबाहेर बघत हळूहळू पीत होत्या. त्यांच्या कपात काय होतं? त्या नेहमीच असा घेत होत्या का? की आजच, आपल्यासाठी? आणि आपल्यासाठी असेल तर त्यांना कधीपासून माहीत होतं? आजपासून? की त्या शनिवारपासून, जेव्हा त्यांनी फडकं खाली ओढून विचारलं होतं आणि उत्तरासाठी थांबल्या होत्या? माहीत असूनच त्यांनी हात स्वतःचा म्हणून घेतला होता का? भाऊसाहेबांनी चहा संपवला. असा चहा ते घरी रोज प्यायचे.

निघताना बाईंनी वही परत त्यांच्या हातात दिली.

"तुमच्याकडेच राहू दे. इथे जागा नाही."

भाऊसाहेब दाराबाहेर आले, चपला घातल्या. दोन पायऱ्या उतरले तेव्हा मागून हाक आली. बाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

"बाही खाली घ्या, भाऊसाहेब. वारा आहे."

"हो, घेतो."